जांभळ्या जिवाणूंची बाजू घेणारा शास्त्रज्ञ

विक्रोळीच्या खाडीकाठी ओहोटी लागली की कांदळवनातला काळा चिखल उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. आपण नाक दाबतो. पण जांभळे गंधकी जिवाणू अशाच चिखलात, याच वायूवर आणि प्रकाशावर जगतात. प्रकाश हे त्यांचे जगण्याचे साधन आहे, हे प्रथम ओळखले थिओडोर एंगेलमान यांनी.

एंगेलमान यांचा जन्म १८४३ मध्ये जर्मनीतील लायप्झिग येथे एका प्रकाशकाच्या घरी झाला. त्यांचे बरेचसे संशोधन नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे झाले. हृदयाचा ठोका मज्जातंतूंतून नव्हे, तर हृदयाच्या स्नायूतूनच उगम पावतो, हे मत त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. ते चेलो उत्तम वाजवत. संगीतकार ब्राम्स यांनी आपली एक रचना त्यांना अर्पण केली होती.

१८८२ च्या सुमारास त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या तंतूवर लोलकातून आलेला सप्तरंगी पट्टा पाडला. पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. त्यांनी तांबड्या आणि निळ्या भागात गर्दी केली. म्हणजे प्राणवायू तिथे जास्त तयार होत होता. १८८३ मध्ये जांभळ्या जिवाणूंची पाळी आली. अंधाराच्या सीमेवर पोहोचताच ते मागे फिरत आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतही गोळा होत. हे जिवाणू प्रकाशसंश्लेषण करतात, असा निष्कर्ष एंगेलमान यांनी काढला. मात्र ते प्राणवायूही सोडतात, असे त्यांना वाटले आणि तिथेच ते चुकले. १९०७ मध्ये हान्स मोलिश यांनी या जिवाणूंपासून प्राणवायू निघत नसल्याचे दाखवले आणि मूळ दावाच संशयात सापडला. १९०९ मध्ये बर्लिन येथे एंगेलमान यांचे निधन झाले, तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता.

१९३० च्या दशकात व्हान नील यांनी कोडे सोडवले. हे जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात; म्हणून प्राणवायूऐवजी गंधक उरते. पुढे १९६३ मध्ये व्रेडेनबर्ग आणि डॉयसेन्स यांनी या जिवाणूंची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून त्यांनी परत सोडलेली अंधूक अवरक्त चमक, मोजली. प्रकाशाची ऊर्जा वापरणारी केंद्रे मोकळी असताना चमक कमी असते. ती व्यग्र झाली की न वापरलेली ऊर्जा बाहेर पडून चमक वाढते. जिवाणू प्रकाश कसा वापरतात, हे आता मोजता येऊ लागले. एंगेलमान यांचा मूळ दावा खरा ठरला होता; ते पाहायला मात्र ते हयात नव्हते.