लेव लँडाऊ : घर्षणाविना वाहणाऱ्या द्रवाचे भाष्यकार

एप्रिल १९३८ च्या अखेरीस स्टॅलिनच्या गुप्त पोलिसांनी मॉस्कोतील एका तीस वर्षांच्या पदार्थवैज्ञानिकाला अटक केली. त्यांचे नाव लेव लँडाऊ. स्टॅलिनच्या राजवटीला फॅसिस्ट ठरविणाऱ्या पत्रकात सहभाग असल्याचा त्यांच्यावर आरोप होता. अशा आरोपातून सुखरूप परतणारे त्या काळी विरळाच.

बाकू येथे जन्मलेले लँडाऊ कोपनहेगनला नील्स बोर यांच्या सहवासात राहून आले होते. १९३७ मध्ये ते प्योत्र कापित्सा यांच्या मॉस्कोतील संस्थेत दाखल झाले. उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रव हेलियम घर्षणाविना वाहू लागतो, हा कापित्सांचा शोध अटकेच्या काही महिने आधीच प्रसिद्ध झाला होता. या अतिप्रवाहितेचे कोडे उलगडण्यास लँडाऊ हवेतच, असे कापित्सांनी थेट सत्ताधीशांना कळविले आणि त्यांच्या वर्तनाची लेखी हमी दिली. वर्षभराने, एप्रिल १९३९ मध्ये, लँडाऊ सुटले.

कापित्सांचा शब्द त्यांनी १९४१ मध्ये खरा केला. द्रवात तरंग उठले तरच ऊर्जा खर्च होते. विशिष्ट वेगाखाली ते उठूच शकत नाहीत, म्हणून घर्षणही नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. सत्येंद्रनाथ बोस यांच्या सांख्यिकीशी हेलियमचे नाते फ्रिट्झ लंडन यांनी आधीच जोडले होते. लँडाऊंनी त्याची दखल घेतली नाही. हा त्यांचा हट्टच म्हणावा लागेल.

फर्मी कणांचे वर्तन याहून निराळे. असे दोन कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. जोड्या जमल्या तरच ते घर्षणमुक्त होतात. फर्मी द्रवांचाही सिद्धांत लँडाऊंनी १९५६ मध्ये मांडला. ७ जानेवारी १९६२ रोजी मोटार अपघाताने ही प्रतिभा कायमची थांबली. त्याच वर्षीचे नोबेल त्यांना रुग्णालयात देण्यात आले. १ एप्रिल १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे लिथियमचा अतिशीत वायू प्रयोगशाळेत आला. २००५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत त्यातील भोवरे दिसले आणि फर्मी वायूची अतिप्रवाहिता सिद्ध झाली. प्रश्न उरला तो पातळ थराचा. द्विमितीत दूरवरची सुसंगती टिकत नाही, असे स्फटिकांबाबत लँडाऊंनीच १९३७ मध्ये दाखविले होते. मग द्विमितीत प्रवाह घर्षणमुक्त कसा राहावा? विरुद्ध दिशांचे भोवरे जोडीने बांधले गेले तर तो राहतो, हे बेरेझिन्स्की, कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांनी १९७० च्या दशकारंभी स्पष्ट केले. २०२१ मध्ये हॅम्बुर्गच्या वैज्ञानिकांनी लिथियमच्या द्विमितीय थरातून प्रकाशाची जाळी सरकवून पाहिली. विशिष्ट वेगाखाली वायू तापला नाही. लँडाऊंचा निकष तेथेही लागू पडला.