कवट्यांनी दिलेली साक्ष

वंशवाद म्हटले की आपल्याला दक्षिण आफ्रिका आठवते, अमेरिका आठवते, गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरवल्याचा प्रसंग आठवतो. कोणी रंगावरून शिवी दिली, कोणी दारातून हाकलले, की त्याला आपण वंशवाद म्हणतो. ते बरोबरच आहे. पण गेल्या शतकात ज्या वंशवादाने सर्वाधिक माणसे मारली, तो प्रयोगशाळेत वाढला. त्याला प्राध्यापक होते, संस्था होत्या, मोजमापाची उपकरणे होती. त्यातल्याच एका संस्थेत बसून, त्यांचीच उपकरणे वापरून, त्यांचे म्हणणे टिकत नाही असे लिहून देणारी एक मराठी विद्यार्थिनी होती. ‘युगान्त’मुळे आपण तिला लेखिका म्हणून ओळखतो. आज तिची ओळख शास्त्रज्ञ म्हणून करून घेऊ.

इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीचेच नाव मुलीला दिले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती मुलीसारखी वाढली. पुस्तकांनी भरलेले, वाद घालणारे, देवाधर्माचे फारसे न मानणारे ते घर होते. १९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. लग्न झाले ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. पत्नीनेही तिकडे जाऊन संशोधन करावे, असे त्यांना वाटत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना मात्र सुनेने परदेशी जाणे पसंत नव्हते. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

निष्कर्ष आधी, मोजमाप नंतर

बर्लिनच्या डाहलेम भागात १९२७ मध्ये मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांची एक संस्था सुरू झाली होती. तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. त्यांचे नाव आधीच गाजलेले होते. आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, त्यांनी १९०८ मध्ये गोरे पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संततीचा अभ्यास केला होता आणि अशा मिश्र संततीला कमी लेखणारे निष्कर्ष काढले होते. इरावतीबाई या फिशर यांच्या विद्यार्थिनी झाल्या.

त्यांना दिलेला विषय माणसाच्या कवटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंतील फरकाचा होता. त्यामागची समजूत थोडक्यात अशी : युरोपीय माणूस अधिक तर्कशुद्ध विचार करतो, म्हणून त्याच्या मेंदूची एक बाजू जास्त वाढलेली असणार, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी असमान असणार, इतर वंशांत हा फरक कमी दिसणार. या साखळीतले पहिलेच विधान कोणी तपासलेले नव्हते. ते गृहीत धरलेले होते आणि कवट्यांनी त्याला फक्त दुजोरा द्यायचा होता.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंची उंची, रुंदी, कोन असे सगळे नोंदवले. असमानता होती, पण ती सगळ्याच गटांत होती. युरोपीय कवट्यांत ती वेगळी किंवा जास्त असल्याचे काही आढळले नाही. वंश आणि कवटीची असमानता यांचा संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात लिहिला. बावीस-चोवीस वर्षांची, परक्या देशातली, कर्ज काढून आलेली, मातृभाषा नसलेल्या जर्मनमध्ये लिहिणारी ही मुलगी होती, आणि तिचे गुण ठरवणारे होते फिशर. त्यांनी प्रबंधाला कमी गुण दिले, पण आकडे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्या कवट्या कुठून आल्या, हेही वाचकांना माहीत असावे. बर्लिनमधल्या संग्रहांत आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या कवट्या मोठ्या संख्येने होत्या. नामिबियात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, उरलेल्यांना छावण्यांत कोंडले आणि तिथे मेलेल्या कैद्यांची डोकी अभ्यासासाठी जर्मनीला पाठवली. त्यातल्या २० कवट्या २०११ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने नामिबियाला परत केल्या. म्हणजे ज्यांना माणूस मानले नाही, त्यांच्याच हाडांवरून ते माणूस म्हणून कमी आहेत हे सिद्ध करायचे होते.

पुढे काय झाले, ते जगाला ठाऊक आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. त्यातल्या शस्त्रक्रिया डॉक्टरांनीच केल्या. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील आफ्रिकी सैनिकांच्या जर्मन मुलांची गुपचूप नसबंदी झाली; त्यासाठी मुलांची तपासणी करून अहवाल देणाऱ्यांत फिशर आणि त्यांच्या संस्थेचे लोक होते. त्याच परिसरात २०१४ मध्ये बांधकाम करताना माणसांच्या हाडांचे ढीग सापडले आणि २०२३ मध्ये त्यांचे सन्मानाने दफन करण्यात आले. इरावतीबाईंच्या प्रबंधाने यातले काहीही थांबले नाही. पण आम्हाला तेव्हा वेगळे काही ठाऊक नव्हते, ही सबब नंतर अनेक शास्त्रज्ञांनी दिली. ती खोटी होती, हे दाखवायला तो प्रबंध पुरेसा आहे. मोजायला बसले आणि जे दिसले तेच लिहिले, तर सत्य त्याही वेळी हाती लागत होते.

नाकाची मोजपट्टी

असे उद्योग आपल्याकडेही झाले होते. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांची नाके मोजून असा सिद्धान्त मांडला की, ज्या जातीचे नाक जितके बारीक तितकी ती समाजात वरची. १९०१ च्या जनगणनेवर त्यांच्या या विचारांची छाप होती. इरावतीबाईंचे गुरू घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हे आकडे पुन्हा तपासले. देशातल्या बहुतेक भागांत त्या सिद्धान्ताचा मेळ बसत नाही, असे त्यांना आढळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना हीच मोजमापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे आहेत या म्हणण्याला त्यांतून आधार मिळत नाही, हे दाखवून दिले. अस्पृश्यतेचे कारण माणसाच्या शरीरात सापडणार नाही, ते समाजाच्या इतिहासात शोधावे लागेल, हा त्यांचा रोख होता.

इरावतीबाई १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. हातातली मोजपट्टी मात्र त्यांनी ठेवून दिली नाही. महाराष्ट्रात आणि बाहेर हिंडून त्यांनी अनेक जातीजमातींची मोजमापे घेतली. १९६८ मध्ये त्यांनी आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. लग्ने आपापसातच होत राहिली की गट वेगळे राहतात, हे त्यांना तपासायचे होते. कोण श्रेष्ठ, हा प्रश्न त्यात नव्हता. तरीही ज्या पद्धतीचा इतका गैरवापर झाला ती त्यांनी का सोडली नाही, असे आजचे अभ्यासक विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. एका खोट्या निष्कर्षाला नकार दिला म्हणून माणूस आपल्या काळाच्या सगळ्या चौकटीतून बाहेर पडतो, असे होत नाही.

पण त्यांचे डोळे मोजपट्टीपुरते उरले नाहीत. पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या. एकच नाव मुखी, एकच वाट. पण मुक्कामाला पोहोचल्यावर ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे त्यांना टोचले. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने वागू लागल्या, अशी नोंद त्यांनी केली आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९६९ मध्ये, कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासोबत प्रसिद्ध केली. माजलगावात राहणाऱ्यांना धरणाने उठलेली गावे म्हणजे काय, हे सांगायला नको. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आजच्या दवाखान्यात

त्यानंतर विज्ञान बरेच पुढे गेले. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. उरलेल्या फरकातलाही बहुतांश भाग एकाच समूहातल्या दोन माणसांमध्ये आढळतो, हे १९७२ मध्ये रिचर्ड लेवोन्टिन यांनी दाखवले. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या पेशी मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचे तयार करतात, एवढाच फरक. उन्हापासून संरक्षण हे त्या मेलॅनिनचे काम आहे. बुद्धीशी, स्वभावाशी, प्रामाणिकपणाशी त्याचा संबंध नाही.

तरीही जुनी समजूत औषधशास्त्रात लपून बसलेली सापडते. अमेरिकेत मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रात काळ्या रुग्णांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांचे मूत्रपिंड कागदावर खऱ्यापेक्षा चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचे नाव उशिरा लागे. तो गुणक काढून टाकण्याची शिफारस २०२१ मध्ये झाली. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. यंत्रातून लपून राहणारी ऑक्सिजनची कमतरता अमेरिकेतल्या काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली, असा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून धाप लागत असेल, तर आकडा चांगला दिसला तरी डॉक्टरांकडे जावे. या दोन्ही ठिकाणी कोणाच्या मनात द्वेष असेलच असे नाही. नुकसान मात्र ठरावीक रंगाच्या माणसांचेच झाले.

आपल्याकडे बाळंतपणानंतर बाळाचे वजन विचारण्याआधी रंग विचारला जातो. गोरे होण्यासाठी स्टेरॉइड मिसळलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकत घेऊन लावली जातात. मग चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते आणि तेव्हा मुली दवाखान्यात येतात. अमुक समाजाच्या बायकांना कळा सहन होतात, असे कोणीतरी सहज बोलून जाते आणि त्या बाईकडे उशिरा लक्ष जाते. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पण असा शिक्का सरहद्दीपाशी थांबत नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या पालाकडे वळते.

ओळखायचे कसे?

वंश आणि जात या एकच गोष्टी नाहीत, पण दोन्हींच्या नावाने होणारा अन्याय पुष्कळदा एकाच रीतीने चालतो. म्हणून एखादे बोलणे किंवा वागणे तपासताना चार प्रश्न विचारावेत.

पहिला, शरीराच्या खुणेवरून किंवा जन्मावरून माणसाची अक्कल, चारित्र्य, सोशिकता ठरवली जात आहे का?

दुसरा, बोलणे एका माणसाबद्दल सुरू झाले आणि त्याच्या सगळ्या लोकांवर जाऊन पोहोचले का?

तिसरा, निष्कर्ष आधीच ठरलेला आहे का? उलटा पुरावा समोर आला की तो अपवाद म्हणून बाजूला सारला जातो का?

चौथा, हेतू काहीही असो, कोणाला उपचार, भाड्याचे घर, नोकरी किंवा साधा मान कमी मिळतो आहे?

फरक नोंदवणे म्हणजे वंशवाद नव्हे, हेही लक्षात ठेवावे. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या आदिवासी समाजांत सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तिथे रक्ततपासणी करणे योग्यच आहे. ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा दोष टिकून राहिला, मग ते आफ्रिका असो, अरबस्तान असो किंवा विदर्भ. पण त्यावरून त्यांचे रक्तच वाईट, त्यांच्यात सोयरीक नको, असे कोणी म्हणाले, तर तपासणी तिथे संपली आणि दुसरेच काही सुरू झाले. सिकलसेलचा वाहक निरोगी आयुष्य जगतो. लग्न ठरवताना दोन्ही बाजूंची तपासणी करावी, आणि ती सर्वच समाजांत करावी. बहुतेक सरकारी रुग्णालयांत ही सोय आहे.