खिशातला सूक्ष्मदर्शक

खिशात बाळगायच्या पॉवर बँकेवर सूक्ष्मदर्शकाचे चित्र दिसले, की डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतले जड, उभे यंत्र येते. माणसाला जिवाणू पहिल्यांदा दिसले ते मात्र या पॉवर बँकेपेक्षाही छोट्या उपकरणातून. ते बनवले होते एका कापड व्यापाऱ्याने.

अँटनी व्हॅन लेवेनहूक यांचा जन्म १६३२ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे झाला. वडील टोपल्या विणत. सोळाव्या वर्षी ते ॲमस्टरडॅमला कापडाच्या दुकानात लागले आणि १६५४ मध्ये गावी परतून त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. कापडाचा पोत तपासायला तेव्हाचे व्यापारी भिंग वापरत. लेवेनहूक यांना या भिंगाचा नाद लागला. पितळेच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये मोहरीएवढे भिंग आणि नमुना धरायला सुईचे टोक, असे त्यांचे उपकरण होते. ते डोळ्याला भिडवून पाहावे लागे. आज शिल्लक असलेल्यांपैकी एक उपकरण वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

त्यांना फक्त डच भाषा येत होती. तरी १६७३ पासून ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहू लागले. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव वळवळतात, हे त्यांनी १६७६ मध्ये कळवले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी रॉबर्ट हूक यांनी ते जीव स्वतः पाहिले आणि १६८० मध्ये सोसायटीने लेवेनहूक यांना सदस्यत्व दिले. १६८३ मध्ये त्यांनी दातांवरचा मळ तपासला. रोज मिठाने दात घासूनही त्यात जीव सापडलेच!

भिंग बनवण्याची रीत मात्र त्यांनी कुणालाच शिकवली नाही. १७२३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते गुपित घेऊनच गेले. हेच सूक्ष्मजीव रोगही घडवतात, हे पाश्चर आणि कॉख यांनी सिद्ध करेपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे उलटली.

२०२१ मध्ये संशोधकांनी त्यांचे एक उपकरण न उघडता न्यूट्रॉन किरणांनी तपासले. आतले भिंग काच वितळवून केलेला छोटा मणी निघाला. ही रीत हूक यांनी फार पूर्वीच पुस्तकात छापली होती. गुपित म्हणून जपलेले निदान हे एक भिंग तरी सर्वांना खुल्या असलेल्या ज्ञानातूनच घडले होते.