खाशाबा जाधव यांची कुस्ती एका गुडघ्यापाशी का थांबली? जिममध्ये जाणाऱ्यांनी काय शिकावे?

रेणापूर : स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकला जाऊ शकले नाहीत. त्याआधीच गुडघा दुखावला आणि तिशीच्या उंबरठ्यावर त्यांची कुस्ती संपली. आज रेणापूर-लातूर भागातली मुले तालमीत जोर-बैठका काढतात, जिममध्ये स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मारतात. अनेकांचे लक्ष्य पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीवर असते. गुडघा किंवा कंबर दुखावली की वर्षभराची मेहनत वाया जाण्याची भीती असते. म्हणूनच खाशाबांचे आयुष्य या मुलांनी एकदा समजून घ्यायला हवे.

कोण होते खाशाबा?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे मातीची ओळख घरातूनच झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहान, पण चपळ. ताकदीपेक्षा डावाच्या वेगावर त्यांची कुस्ती उभी होती.

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले. आयुष्य मातीत गेलेले, तिथे मॅट आणि नियमही वेगळे. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. पुढची चार वर्षे त्यांनी मॅटची सवय करून घेतली आणि ५२ किलोवरून ५७ किलोच्या बँटमवेट गटात गेले. म्हणजे वजन आणि ताकद दोन्ही वाढवावी लागली.

हेलसिंकीत काय घडले?

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी त्यांची गाठ पडली. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने हरकत घ्यायला तिथे भारतीय पदाधिकारीही नव्हते. थकलेल्या अंगाने उतरावे लागले आणि ब्राँझपदकावर समाधान मानावे लागले. गावी परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. देशाला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. ते १९९६मध्ये लिएंडर पेसने टेनिसमध्ये मिळवले.

मग गुडघ्याचे काय झाले?

पुढच्या ऑलिम्पिकच्या आधी गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि ते आखाड्यात परतू शकले नाहीत. १९५५मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले.

त्या काळी गुडघ्याच्या आत डोकावण्याचे साधन जवळजवळ नव्हतेच. एक्स-रेमध्ये हाड दिसे. लिगामेंट आणि मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, दिसत नसे. एमआरआय यायला अजून दोन दशके होती. दुर्बिणीतून गादीचा फाटलेला तुकडा काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी केली, ती १९६२मध्ये. खेड्यातल्या पैलवानाच्या वाट्याला तेल-मालिश, शेक आणि पट्टी एवढेच येई. दुखणे थांबले की पुन्हा लंगोट लावायचा, हीच रीत होती.

वजन उचलून दुखापत बरी होते का?

होते, पण बेताने. खाशाबा लंडनची तयारी करत होते, त्याच सुमारास अमेरिकेत एक वेगळा प्रयोग चालू होता. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांनी रुग्णालये भरली होती. थॉमस डेलॉर्म हे लष्करी डॉक्टर शिकागोच्या रुग्णालयात काम करत. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळल्यावर वजने उचलून त्यांनी ताकद परत मिळवली होती. तोच अनुभव त्यांनी गुडघा दुखावलेल्या सैनिकांवर वापरला आणि १९४५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांची पद्धत सोपी होती. रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन ठरवायचे. पुढे १९४८मध्ये त्यांनी तीन सेटची रचना मांडली : पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊणपट, तिसरा पूर्ण. दहा किलो पेलत असेल तर पाच, साडेसात आणि दहा. ताकद वाढली की वजन वाढवायचे. आज प्रत्येक जिममध्ये सांगितले जाणारे दहाचे तीन सेट या रुग्णालयातून आले आहेत.

दुखापत झाल्यावर काय करावे?

* पहिले दोन-तीन दिवस : व्यायाम थांबवावा, बर्फ कापडात गुंडाळून लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उंचावर ठेवावा. सुजलेला सांधा चोळून किंवा ओढून ‘बसवून’ घेऊ नये.
* डॉक्टर कधी? : ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांत सूज आली, पायावर भार देता येत नसेल, गुडघा अडकत किंवा निसटत असेल, कंबरेच्या दुखण्यासोबत पायात मुंग्या येत असतील तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.
* पुढचे आठवडे : पूर्ण आराम लांबवू नये. वापर थांबला की मांडीचा स्नायू झपाट्याने वाळतो. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हालचाल, मग हलके वजन सुरू करावे.
* परत केव्हा? : दुखणे थांबणे ही पहिली पायरी आहे. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या साधारण ९० टक्क्यांवर आल्यावर पूर्ण वजन घ्यावे. एसीएल लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतायला किमान नऊ महिने धरावेत.
* घाई का नको? : स्नायू लवकर ताकद धरतो, त्याला हाडाशी बांधणारा कंडरा मात्र उशिरा. वजन पेलते असे वाटत असतानाच पुन्हा इजा होते.

खाशाबांचे पुढे काय झाले?

पोलीस दलात त्यांनी सुमारे २७ वर्षे सेवा केली. बढती उशिरा मिळाली. निवृत्त होताना ते सहायक पोलीस आयुक्त होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००१मध्ये, मरणोत्तर. दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला २०१०मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

आज लातूरमध्ये एमआरआय होतो, अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट भेटतात. ऑलिम्पिक पदक जिंकलेल्या पैलवानाला जे मिळाले नाही, ते रेणापूरच्या मुलाला तासाभराच्या अंतरावर आहे. भरतीची तारीख जवळ आली म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर धावण्याआधी त्याने ते वापरावे.