तात्या विंचू परत आला, लक्ष्या मात्र परतला नाही

भुताचा सिनेमा म्हटला की डोळ्यासमोर काय येतं? लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूचा एखादा एकाकी बंगला, पावसाळ्यातलं दाट धुकं, गेलेली लाईट आणि मुंबईहून वीकेंडला आलेली चार-पाच पोरं.

पण मराठी माणसाला ज्या भुताचं नाव झोपेतही आठवतं, ते अशा बंगल्यात राहत नव्हतं. ते होतं एका बाहुल्यात. नाव तात्या विंचू. आणि तो ज्याच्या मागे लागला होता, तो होता लक्ष्या, म्हणजेच लक्ष्मीकांत बेर्डे.

‘झपाटलेला’ आला १९९३ साली. पुढचा भाग यायला तब्बल २० वर्षं लागली. ‘झपाटलेला २’ पडद्यावर आला तेव्हा बाहुला तोच होता, पण लक्ष्याला जाऊन ८ वर्षं उलटली होती.

गिरगावातला पोरगा

लक्ष्मीकांत बेर्डे यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९५४ चा. मूळ कोकणातलं, पण वाढलेले मुंबईत, गिरगावात. गणेशोत्सवातली नाटकं हीच तिथल्या पोरांची अभिनयाची शाळा. त्यांचीही तीच होती.

पुढे त्यांनी मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी धरली. त्या काळात नाटकांमधून छोट्या छोट्या भूमिका केल्या. प्रेक्षकांना त्यांचं नाव ठाऊक झालं ते ‘टुरटुर’मुळे. पुरुषोत्तम बेर्डे यांचं हे नाटक १९८३ च्या सुमारास रंगभूमीवर आलं आणि त्यातल्या तरुण पोरांच्या टोळीने धमाल उडवून दिली.

१९८४ मध्ये ‘लेक चालली सासरला’मधून ते सिनेमात आले. १९८५ मध्ये महेश कोठारे यांचा ‘धुमधडाका’ आला आणि लक्ष्मीकांतचा ‘लक्ष्या’ झाला. मग ‘दे दणादण’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘थरथराट’ अशी रांगच लागली. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’मुळे हिंदीवाल्यांनाही त्यांची ओळख पटली.

विनोदाच्या पलीकडचा लक्ष्या

यश मिळालं, पण त्यासोबत एक शिक्काही बसला. लक्ष्या म्हणजे हसवणारा, एवढंच समीकरण पक्कं झालं.

हा शिक्का पुसायची मोठी संधी आली १९९२ मध्ये. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. तमाशातला एक सोंगाड्या सिनेमात जातो, मोठा होतो आणि त्या प्रवासात स्वतःचं बरंच काही हरवून बसतो, अशी ती गोष्ट. लक्ष्मीकांत यांनी त्यात जीव ओतला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तिकीटबारीवर तो चालला नाही. प्रेक्षकांना हसवणाराच लक्ष्या हवा होता.

त्यानंतरच्याच वर्षी आला ‘झपाटलेला’.

बाहुल्यासमोर अभिनय

‘झपाटलेला’चं बीज होतं हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या चित्रपटात. मरता मरता एक खुनी मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा खेळण्यातल्या बाहुल्यात शिरतो. पुन्हा माणूस व्हायचं तर त्याने आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात शिरायला हवं. तिकडे तो लहान मुलाच्या मागे लागतो. इकडे कोठारेंनी त्या जागी आणला गावातला भोळा लक्ष्या बोळके. बोलक्या बाहुल्यांचं त्याला वेड, आणि तोच बाहुला त्याच्या जिवावर उठतो.

तात्या विंचू साकारला दिलीप प्रभावळकर यांनी, आवाजही त्यांचाच. बाहुल्याची करामत होती शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची. पाध्ये घराण्याचा ‘अर्धवटराव’ महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक होताच.

पण बाहुला कितीही चांगला बनवला, तरी तो लाकूड-रबराचाच. तो जिवंत आहे हे प्रेक्षकाला पटतं समोरच्या नटाच्या डोळ्यांतल्या भीतीमुळे. आणि ती भीती लक्ष्मीकांत यांनी अशी दाखवली की लोक घाबरलेही आणि हसलेही. खून बाहुला करतो, आळ लक्ष्यावर येतो, आणि तो खरं सांगतो तेव्हा कुणाचाच विश्वास बसत नाही. नीट पाहिलं तर ही विनोदी नाही, करुण परिस्थिती आहे. ‘विदूषक’मध्ये जे लोकांनी पाहिलं नाही, त्यातलं थोडंसं इथे त्यांनी हसता हसता पाहून घेतलं.

समोर कुणी नसताना अभिनय करायची सवय त्यांना होतीच. १९९० च्या ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीतला इवलासा गंगाराम आणि बाहेरचा लक्ष्या, दोन्ही तेच होते.

खलनायक मरत नाही

अशा खूनबाज भयपटांचं एक ठरलेलं गणित असतं. १९७८ चा ‘हॅलोविन’ सुमारे ३ लाख डॉलरमध्ये बनला आणि त्याने कोट्यवधी डॉलर कमावले. त्यानंतर निर्मात्यांना एक गोष्ट कळली. या सिनेमांना मोठा स्टार लागत नाही, लागतो तो लक्षात राहणारा खुनी. नायक-नायिका बदलता येतात. खुनी मात्र प्रत्येक भागात मरतो आणि पुढच्या भागात उठून बसतो.

‘झपाटलेला’ या गणितात बसत नव्हता, कारण इथे बाहुल्याइतकाच लक्ष्याही लोकांचा होता.

आणि नेमका तोच राहिला नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने लक्ष्मीकांत बेर्डे यांचं मुंबईत निधन झालं. वय अवघं ५०. मागे पत्नी प्रिया, मुलगा अभिनय आणि मुलगी स्वानंदी. मुलाच्या नावावरूनच त्यांनी आपल्या निर्मिती संस्थेचं नाव ‘अभिनय आर्ट्स’ ठेवलं होतं.

रिकाम्या जागेचा सिक्वेल

७ जून २०१३ रोजी ‘झपाटलेला २’ प्रदर्शित झाला, तोही थ्रीडीमध्ये. प्रभावळकरांचा आवाज होता, पाध्येंचा बाहुला होता, महेश जाधवच्या भूमिकेत स्वतः कोठारे होते, लक्ष्याच्या आईच्या भूमिकेत पुन्हा मधू कांबीकर होत्या.

लक्ष्याच्या जागी दुसरा नट उभा करण्याचा मार्ग कोठारेंनी घेतला नाही. कथेतही लक्ष्या गेलेला आहे, असं त्यांनी दाखवलं. तात्या विंचू आता त्याच्या मुलाच्या, आदित्यच्या मागे लागतो. ही भूमिका केली आदिनाथ कोठारे यांनी. म्हणजे जे प्रत्यक्षात घडलं होतं, तेच पडद्यावर कबूल करण्यात आलं.

पहिल्या भागात तात्या विंचूला मारायचा एकच उपाय होता, दोन भुवयांच्या मधोमध गोळी. ती लागली, तरी २० वर्षांनी तो परत आला. बाहुल्याचं तसंच असतं, पुन्हा रंगवला की उभा राहतो.

२०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मधून अभिनय बेर्डे यांनी सिनेमात पाऊल टाकलं. ‘झपाटलेला’ आजही टीव्हीवर लागतो, आणि लक्ष्याच्या जाण्यानंतर जन्मलेली पोरंही तात्या विंचूला घाबरून त्याच्याकडेच बघतात. तो घाबरला की तीही घाबरतात.