पिंपरीच्या मातीतून औषध शोधणारे डॉ. थिरुमलाचार

पिकांवरील तांबेरा आणि काणी या रोगांच्या अभ्यासातून पुढे येऊन माणसाला होणाऱ्या बुरशीजन्य रोगांवर औषध शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून डॉ. एम. जे. थिरुमलाचार यांचे नाव भारतीय विज्ञानाच्या इतिहासात आदराने घेतले जाते.

त्यांचा जन्म १९१४ साली तत्कालीन म्हैसूर संस्थानात झाला. कवकशास्त्र हा त्यांचा मूळ विषय. डॉ. बी. बी. मुंडकूर यांच्यासमवेत भारतातील काणीवर्गीय कवकांवर लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते आणि जिवाणूंचा नाश करते. बुरशीच्या संसर्गावर मात्र त्याचा उपयोग होत नाही. उलट अशी प्रतिजैविके दीर्घकाळ घेतल्यास कॅन्डिडासारख्या बुरशीला वाढण्यास वाव मिळतो. ही उणीव भरून काढण्याचे कार्य थिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखालील संशोधन विभागाने हाती घेतले.

मातीच्या नमुन्यांतून सूक्ष्मजीव वेगळे करणे, ते वाढवणे आणि त्यांचा अर्क रोगकारक बुरशीवर तपासणे, अशी ही चिकाटीची पद्धत होती. त्यातून बुरशीप्रमाणे तंतुरूपाने वाढणारा एक जिवाणू हाती आला. पिंपरीवरून त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे ठेवण्यात आले. त्याच्यापासून मिळालेल्या पिवळसर द्रव्याची, म्हणजेच हॅमायसिनची, माहिती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. हे द्रव्य बुरशीच्या पेशीचे आवरण सच्छिद्र करते. त्यानंतर डर्मोस्टॅटिन, तसेच पिकांसाठी उपयुक्त ठरलेले ऑरिओफंजिन ही प्रतिजैविकेही पिंपरीतून पुढे आली.

अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६० च्या दशकात ब्लास्टोमायकोसिस या गंभीर रोगाच्या रुग्णांवर हॅमायसिनच्या चाचण्या घेतल्या. तथापि, ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि पोटातून रक्तात पुरेसे शोषले जात नाही. त्यामुळे तोंडातील, त्वचेवरील व योनिमार्गातील संसर्गापुरताच त्याचा वापर मुख्यतः मर्यादित राहिला.

थिरुमलाचार यांचे १९९९ मध्ये निधन झाले. परदेशी तंत्रज्ञानाच्या आधारे उभ्या राहिलेल्या कारखान्यात स्वतंत्र संशोधनही होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. पिंपरीचे नाव आजही त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात कायम आहे.