हार पत्करूनही न खचलेला खेळाडू

आम्हा निपाणी-बेळगावकरांच्या शेजारच्या सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका ख्रिस्ती कुटुंबात विजय हजारे यांचा जन्म झाला. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यात रेस्ट संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. बंधू विवेक २१ धावा करीत चिकाटीने साथ देत राहिले. दोघांनी ३०० धावांची भर घातली. तरी संघ डावाने हरला. १९४८ साली अॅडलेड कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतके केली. तेथेही भारताची हारच झाली. पण १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. २००४ साली ते निवर्तले. यश दिसत नसतानाही हाती घेतलेले काम सोडू नये, हा धडा आपण शब्बाथशाळेतील मुलांना त्यांच्या चरित्रातून देऊ या.